चादरीखाली हलणारे पाय

धाकटीच्या आईस,

मी बरा आहे. जेवण जातंय. फुप्फुसं काही नवी होणार नाहीत, पण धापेपायी बसून बसून वाळलेल्या मांड्यांना इथे रोज पट्ट्या चिकटवून बारीक करंट देतात. स्नायू आपोआप आवळतात, दम लागत नाही. शिलाई मशीनवर बसल्यासारखंच वाटतं, फक्त पाय मारणारा मी नसतो.

शेजारच्या खाटेवर एक मास्तर होते. परवा आम्हा दोघांना पट्ट्या लावून व्यायामाच्या बाई चहाला गेल्या. मी मास्तरांना जावयाच्या कोटाची बाही उलटी जोडल्याची गंमत सांगत होतो. ते हसले नाहीत, पण चादरीखाली पाय हलत होते, म्हणून मी अख्खी सांगितली.

बाईंनी येऊन करंटचं मशीन बंद केलं, तेव्हा पाय थांबले. मास्तर केव्हाच गेले होते.

धाकटी माहेरी आली का? तुझा गुडघा कसा आहे?

मशीन आता घरी देणार आहेत. पट्ट्या तुलाच लावायच्यात. लावल्यास की समोर बसून बोलत राहा. मी उत्तर दिलं नाही, तर पायांकडे बघू नकोस. छातीकडे बघ.

तुझाच,
धाकटीचा बाप