सहावी खुर्ची मी करणार नाही

तीर्थस्वरूप दादास,

शिरसाष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी डावा हात पट्टीत आहे आणि उजवा गुडघा वाकत नाही, तेव्हा तूर्तास सहा अंगांचा गोड मानून घे. उरलेली दोन बरी झाली की पोचती करीन.) तुझी कंबर कशी आहे? वहिनींचा खोकला गेला का? इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत, म्हणजे मी खुशाल आहे आणि हे माझ्या खुशालीपासून जमेल तितका जीव वाचवत आहेत.

पत्रास कारण वहिनींचा फोन. फोनला दोन-अडीच महिने झाले, पण उत्तर हातात तयार असल्याशिवाय द्यायचं नाही असं मी ठरवलं होतं. तुम्ही लेकाकडे राहायला जाणार, तिथे जागा कमी, तेव्हा बाबांच्या सहा खुर्च्या भंगारवाल्याला देऊन टाकणार, असं त्या म्हणाल्या. मग जरा घुटमळल्या आणि म्हणाल्या, ‘‘ह्यांचं म्हणणं, तिला हव्या असतील तर तिने तोंडाने मागाव्यात.’’ दादा, मी फोन ठेवला, पायांत चपला सरकवल्या आणि थेट दुकानात जाऊन करवत विकत घेतली. (भलता अर्थ काढू नकोस. लाकूड कापायची.) खुर्च्या काय आभाळातून पडतात? माणसंच करतात ना? मग मी माणूस नाही का? तू मात्र म्हणे ऐकून हसलास आणि म्हणालास, दोन दिवसांचं खूळ आहे, तिसऱ्या दिवशी मागायला येईल. ते वाक्य मी खडूने स्वयंपाकघराच्या दारावर लिहून ठेवलंय. रोज सकाळी वाचते आणि रंधा उचलते.

आता मागचं थोडं सांगते. तू विसरला नसशील, पण वय झालं की माणसाला सोयीचं तेवढंच आठवतं. आई गेल्यावर वाटण्या करायला काका बसले. काकांना न्यायाची भारी हौस. भावाबहिणीत भांडण नको म्हणून त्यांनी घरातल्या प्रत्येक वस्तूची चिठ्ठी केली, आणि प्रत्येक म्हणजे अगदी प्रत्येक. पातेली तुझ्याकडे गेली, त्यांची झाकणं माझ्याकडे. शिलाई मशीन माझ्याकडे आलं, पायडल तुझ्याकडे. (त्या पायडलचं तू केलंस काय, हे विचारायचं राहूनच गेलं.) आणि जेवणाचं टेबल निघालं माझ्या चिठ्ठीत, खुर्च्या तुझ्या. शहाण्या माणसांनी तिथल्या तिथे हसून अदलाबदल केली असती. पण आपण पडलो बाबांची पोरं. तू म्हणालास टेबल पाठव, मी म्हणाले खुर्च्या पाठव, आणि तेव्हापासून तू ऐटदार खुर्चीत बसून ताट मांडीवर घेऊन जेवतोस आणि मी ऐटदार टेबलापाशी प्लॅस्टिकच्या बुटक्या खुर्चीत बसून हनुवटीशी ताट घेऊन जेवते. हे तर मुळात उंचीने बेताचे, मला समोरून त्यांचा नुसता चष्मा दिसतो. तुझ्या बैठकीच्या खोलीत त्या सहा खुर्च्या भिंतीला टेकवून ओळीने ठेवल्यास. माझी सगळी नोकरी एक्स-रेच्या खोलीत गेली, त्यामुळे तुझ्याकडे आलं की ‘पुढचं कोण?’ असं ओरडावंसं वाटतं. आणि तू माझ्याकडे आलास की त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीकडे बघून ‘बसत नाही, घाई आहे’ म्हणतोस आणि दाराशी उभ्याने चहा पिऊन जातोस. इतक्या वर्षांत तू माझ्या घरात एकदाही बसलेला नाहीस. मला त्याचं वाईट वाटतं, आणि वाईट वाटतं म्हणून जास्तच राग येतो.

तर खुर्च्या. नवीन लाकूड आणायचं नाही, असा माझा पहिल्यापासून निश्चय. तू टाकून द्यायला निघालास, तर मी टाकलेल्यातूनच करून दाखवणार, त्याशिवाय नाक कसं कापलं जाणार? (तुझं.) पहिल्या खुर्चीसाठी मी कोपऱ्यावरच्या फ्रीजच्या दुकानामागे पडलेल्या लाकडी पेट्या उचलून आणल्या. त्यांचे खिळे उपटताना अंगठ्याचं जे व्हायचं ते झालं. मग कागदावर रीतसर चित्र काढलं. आता चूक कुठे झाली ते ऐक, आणि हसायचं असलं तर वहिनींच्या समोर हसू नकोस. एक्स-रे बघताना रोग्याची उजवी बाजू आपल्या डावीकडे असते. तीस वर्षांची सवय, डोळा आपोआप तसाच फिरतो. मागचा एक पाय मी चित्रातून मापला आणि दुसरा मापताना मनातल्या मनात माणूस उलटा केला. परिणामी त्या खुर्चीचे मागचे दोन्ही पाय डावे झाले. दिसायला खुर्ची झकास, पण बसणारा माणूस हळूहळू आपोआप उजवीकडे वळतो. हे टेबलाकडे तोंड करून जेवायला बसले आणि भाजी संपेपर्यंत फ्रीजशी बोलत होते. मी म्हटलं, बरंच आहे की, पाणी घ्यायला उठायला नको. त्यात बसायच्या फळीवर मूळ पेटीचा बाण आणि ‘ही बाजू वर’ ही अक्षरं तशीच राहिली आहेत. घासून काढता आली असती. मी काढली नाहीत. आमच्याकडे येणाऱ्या काही माणसांना तेवढी सूचना लागते.

दुसऱ्या खुर्चीचं लाकूड मात्र अव्वल. जिन्याखाली भिंतीला एक जुनं दार टेकवलेलं होतं, जड, घट्ट, आतून पिवळंधमक. असं दार लोक टाकून देतात, ह्याचा मला इतका संताप आला की त्याच दुपारी मी त्याचे चार तुकडे केले. खुर्ची उभी राहिली त्या संध्याकाळी खालच्या मजल्यावरचे कर्नल वर आले. (ते सैन्यात कधीच नव्हते, विमा कचेरीत होते. पण मिशा आणि आवाजामुळे नाव पडलं.) त्यांनी विचारलं, न्हाणीघराचं दार रंगवायला काढून जिन्याखाली ठेवलं होतं, कोणी पाहिलं का? त्या वेळी आमचे हे नेमके त्याच दारावर बसले होते. बरं, उठून चटकन आत जावं, तर पाठीच्या फळीला दाराची कडी तशीच होती (शोभेला ठेवली होती), ती ह्यांच्या स्वेटरात अडकली, आणि कर्नलांचं स्वागत करायला हे पाठीवर खुर्ची घेऊन उभे राहिले. कर्नलांनी कडी ओळखली. मला लाज वाटली का? वाटली. पण मी ती दाखवली नाही. मी म्हटलं, कर्नलसाहेब, दार तुम्हाला मिळेल, आणि याहून चांगलं मिळेल. तोवर बिचाऱ्यांनी पडदा लावला, आणि आत कोणी आहे हे कळावं म्हणून आंघोळ होईपर्यंत ते मोठ्याने गात असत. त्यांना सूर कसा तो नाही. सगळी बिल्डिंग माझ्या नावाने बोटं मोडू लागली. शेवटी आमचं आरशाचं कपाट मोडून मी त्याचं दार त्यांना बसवून दिलं. बिजागऱ्या एकाच बाजूने बसत होत्या, त्यामुळे आरसा बाहेरच्या अंगाला आला. आता त्यांच्याकडे आलेला पाहुणा आधी न्हाणीघरासमोर उभा राहून भांग पाडतो आणि आत माणूस ताटकळतो. कर्नल कुरकुरतात. कुरकुरू देत. दार ते दार, उघडतं आणि लागतं.

एवढं झाल्यावर कोणीही शहाणा माणूस थांबला असता. ह्यांनी तसं सुचवलंही. (हल्ली नवीन खुर्चीवर बसायच्या आधी ते त्यावर गव्हाचा डबा ठेवतात, मग स्वतः बसतात. माझा राग येऊन उपयोग नाही, डबा दोनदा पडलाय.) पण माझी खरी अडचण करवतीची नव्हती, मापाची होती. टेबलाला शोभेल अशी खुर्ची किती उंच, तिचे हात कुठवर, हे मला माहीत नव्हतं, आणि ज्याला माहीत होतं त्याला विचारायचं नव्हतं. म्हणून एका सकाळी मी टॉर्च घेऊन टेबलाखाली शिरले. गुडघा गेला तो तिथेच. आणि दादा, खाली सगळं लिहिलेलं असावं तसं दिसलं. टेबलाच्या कडेच्या पट्टीवर, जिथे जिथे आपण खुर्च्या आत सरकवायचो, तिथे खुर्चीच्या हातांनी घासून झालेल्या खुणा आहेत. बाबांच्या जागी जेमतेम पुसट, कारण ते खुर्ची उचलून ठेवायचे. आईच्या जागी जवळपास नाहीच, ती बसायची तरी कधी? माझ्या जागी दोन्ही बाजूंना सारख्या. पाहुण्यांच्या दोन जागा कोऱ्या. आणि तुझ्या जागी उजवीकडे बोट जाईल एवढी खोल खाच. आठवतं ना? नापास झालास त्या वर्षी तू जेवणावरून उठलास आणि खुर्ची अशी आदळलीस की तिचा हातच निखळला. बाबांनी तो ठोकून दिला, पण खिळ्याचं डोकं वर राहिलं. त्यानंतर तू रोज जेवायला बसायचास, रोज तो खिळा पट्टी कोरायचा, आणि बाबा रोज ते ऐकायचे. मी टेबलाखाली बराच वेळ पडून राहिले. ह्यांना वाटलं, मी तिथेच आटोपले. त्यांनी वाकून विचारलं, चहा खाली देऊ का?

त्या खुणांवरून मला माप मिळालं, आणि मग हात बसला. पहिल्या दोघींनाही कापूनछाटून त्याच मापाला आणलं. तिसरी खुर्ची आमच्या मुलाच्या जुन्या पाळण्याची, तिच्या पाठीला पाळण्याचे गज आहेत, मान टेकली की झोप येते. चौथी शाळेने टाकलेल्या बाकाची. (तिच्या हातावर कर्कटकाने कोरलेली एका मास्तरांची निंदा आहे. निंदा योग्य वाटली, ठेवली.) पाचवी कपाटाच्या उरलेल्या फळ्यांची, कुलपाच्या भोकासकट. एकीचं तोंड दुसरीसारखं नाही, पण पाचही टेबलाखाली बरोबर जातात, आणि आता मला समोर ह्यांचा आख्खा चेहरा दिसतो. इतक्या वर्षांनी बघतेय, बरा आहे.

तेव्हा दादा, कळवायचं ते एवढंच की मला तुझ्या खुर्च्यांची गरज नाही. भंगारवाल्याला दे, बंब पेटव, पुन्हा भिंतीला लावून पुढचं कोण विचार. मी मागितल्या नाहीत, मागत नाही आणि मागणार नाही. वहिनींना नमस्कार, कमरेला शेक दे, आणि उत्तर पाठवायचं तर भांडणाचंच पाठव, औपचारिक नको.

तुझी धाकटी आणि तुझ्याहून तसूभरही कमी हट्टी नसलेली,
बहीण

ता. क. : शिलाई मशीनचं पायडल सापडलं तर फेकू नकोस. त्याच्यावर फळी ठोकली की छोटं टेबल होतं, मी पाहून ठेवलंय.

ता. क. दुसरा : खुर्च्या पाचच का, असं तू विचारशील, कारण दुसऱ्याच्या कामात उणं काढायला तू पहिल्यापासून पटाईत. सहावी मी करणार नाही. करून बघितली. तुझ्या जागी माझी कुठलीही खुर्ची सरकवली तरी ती खाच उघडी राहते, आणि जेवताना माझं बोट सारखं तिथेच जातं. त्या खाचेत बसेल असा खिळा जगात एकाच खुर्चीला आहे. तेव्हा पाच दे टाकून, तेवढी एक घेऊन ये. ठेवून मात्र जाऊ नकोस, तिच्यावर बस, जेव, आणि मग हवं तर आदळून ऊठ. याला मागणं म्हणायचं नाही. ही मापाची अडचण आहे.

ता. क. तिसरा : पत्र पाकिटात घालताना आत मोठा आवाज झाला. जाऊन पाहिलं तर बाकाच्या खुर्चीने पाय पसरलेत. तिच्यावर कोणी बसलं नव्हतं, गव्हाचा डबासुद्धा नव्हता. तेव्हा एकाऐवजी दोन आण. तू बसून जेवणार आणि वहिनी काय दाराशी उभ्या राहणार?