आंबिलीचा तांब्या

पवनी,
श्रावण

प्रिय नीतू,

या कागदाला मासोळीचा वास येत असेल तर नाक मुरडू नकोस, तुझ्या सासूबाईंच्या टोपल्यातून प्रवास करून आला आहे तो. फोन का नाही केला म्हणशील. फोनवर तू "बरं आहे वहिनी, सगळे बरे आहेत" एवढं बोलून ठेवून देतेस, आणि मग मी तासभर स्वयंपाकघरात भांडी आपटत बसते. पत्र असं मध्येच कापता येत नाही. शेवटपर्यंत वाच, मग काय रागवायचं ते रागव.

आईंना उन्हाळ्यात झटका आला हे दादानं तुला कळवलंच होतं. उजवा हात गेला आणि जीभ जड झाली. आम्ही सगळे नागपूरच्या दवाखान्यात, घर कुलपात, आणि बाहेर आपल्याकडचं ऊन. परत आलो तेव्हा घरामागच्या सांदवाडीतले वालाचे वेल कुंपणावर वाळून लोंबत होते. चुलीच्या कोपऱ्यातलं आईंचं आंबिलीचं गाडगं तळापर्यंत कोरडं पडून तडकलं होतं आणि आत बुरशी धरली होती. वेलांचं काय, मी पुन्हा बिया टोचल्या, आता चांगले मांडवावर चढलेत. गाडगं मात्र बी टोचून उगवत नाही ना.

तुला माहीतच आहे, मी चिखल्याच्या माइनच्या कॉलनीत वाढलेली. आमच्या क्वार्टरमध्ये आंबवायचं म्हणजे फार तर इडलीचं पीठ, तेही फसायचं. लग्न होऊन इथे आले तेव्हा त्या गाडग्याचा वास मला सोसायचा नाही. आईंनी मला हाताला धरून शिकवलं. रोज ज्वारीचं पीठ पाण्यात कालवून आत सोडायचं, तळाशी जुनं आंबट राखायचं, गाडगं कधी घासायचं नाही, आणि मनात राग असताना झाकण उघडायचं नाही. हा शेवटचा नियम आईंनी स्वतः कधीच पाळला नाही, तरी आंबील त्यांचीच चांगली व्हायची. मागावर बाबा होते तेव्हा सुताच्या पाजणीची खळसुद्धा त्याच आंबटातून व्हायची. "ह्या खळीनं सूत तुटत नाही" असं ते म्हणायचे आणि उरलेली आंबील लसूण-मीठ घालून गटागटा प्यायचे. महालक्ष्म्या आल्या की अर्धी पेठ वाटी घेऊन आपल्या दाराशी यायची, आणि आईंनी कुणाला नाही म्हटलेलं मी पाहिलं नाही.

एका तुला सोडून. ते मी कसं विसरेन? तू भंडाऱ्याला कोर्टात खेमरावांशी लग्न केल्याचं कळलं, तेव्हा आई दारात उभ्या राहून सगळ्या पेठेला ऐकू जाईल अशा ओरडल्या होत्या, "माह्या गाडग्यातला थेंब तिले भेटणार नाही!" मासे धरणाऱ्या ढिवराच्या घरी गेलेली लेक लोक विसरले असते गं, पण ते वाक्य कुणी विसरलं नाही. आपल्यात लेक सासरी निघाली की जुन्या आंबटात भिजवून सावलीत वाळवलेलं फडकं तिच्या ओटीत घालतात, ते ती सासरच्या पहिल्या गाडग्यात सोडते. आईंनी स्वतःचं फडकं मोहाडीच्या माहेराहून आणलं होतं, हे त्यांनी मला शंभरदा सांगितलंय. तुझी ओटी रिकामी राहिली. तू ते मनाला लावून घेतलंस, आणि तुझ्या जागी मी असते तर मीही घेतलं असतं.

पण एक गोष्ट तुला कुणी सांगितली नसेल. तेव्हापासून आई मासे फक्त तुझ्या सासूबाईंकडून, बायाबाईंकडून घ्यायच्या. कोथिंबिरीच्या जुडीसाठी बाजार डोक्यावर घेणारी बाई बायाबाईंशी कधी घासाघीस करायची नाही. तुझं नाव काढायच्या नाहीत, की कशी आहे विचारायच्या नाहीत. नुसत्या टोपल्यावर वाकून उभ्या राहायच्या. दादा वैतागायचा, "आई, झिंगे निवडून राहिली का सोनं?" मला वाटायचं म्हातारपणी नजर कमी झाली असेल. आम्ही सगळे हसायचो.

असो. दवाखान्यातून आल्यावर आईंचं खाणं सुटलं. वरण नको, पेज नको. जड जिभेनं एकच शब्द यायचा, "आंबील." मी कंबर कसली. दह्यावर केली, ताकावर केली, लिंबू पिळून केली. शेजारच्या उषाबाईंकडून आणावी म्हटलं, तर त्यांच्याकडे हल्ली पाकिटातलं पीठ. मोबाइलवर बघून एकदा सोडासुद्धा घातला, ती आंबील ओट्यावरून खाली उतू गेली. आई एक घोट घ्यायच्या आणि तोंड भिंतीकडे वळवायच्या. रडू यायचं मला. त्यांची पाठ दिवसेंदिवस लहान होत चालली होती.

शेवटी मागच्या बाजारी मी तुझ्या सासूबाईंसमोर बसले आणि सहज विचारलं, तुमच्याकडे आंबिलीचं जुनं आंबट आहे का? त्या म्हणाल्या, "मले काहून विचारता बाई? आमच्या घरी तं तुमचंच हाय." मला काही कळेना. मग त्यांनी मासोळ्यांवर ओलं गोणपाट टाकलं आणि सांगितलं. तुझ्या लग्नाच्या वर्षीच आईंनी झिंगे घेता घेता पिशवीतून एक फडकं काढलं आणि त्यांच्या टोपल्यात टाकलं होतं. "म्हणे, पोरीले सांगू नोको. चाखंन तं समजन तिले. मी नीतूले सांगतलं, माह्या मायचं हाय. कबूल केलं तं केलं. पण तुमची बुढी दर बाजारी टोपल्यात डोकावून पाहे. मले वाटे मासोया पायते."

नीतू, तेव्हा मला सगळं उलगडलं. बायाबाईंच्यात ही रीत नाही, त्यांना कसं कळावं? पण तुला माहीत आहे आणि मलाही माहीत आहे. फडकं लागलं, गाडगं आंबलं, की पहिल्या आंबिलीचा तांब्या माहेरी परत येतो. आई तांब्या शोधत होत्या गं. इतकी वर्षं, दर बाजारी, मासोळ्यांच्या मागे कुठे तांब्या दिसतो का ते बघत होत्या. आला नाही, तेव्हा लेकीनं आपलं फडकं फेकून दिलं असं धरून बसल्या. आणि तू तिकडे त्याच आंबटाची आंबील रोज पीत, आईनं आपल्याला थेंब दिला नाही असं धरून बसलीस. इतकी शहाणी माणसं, आणि एकीलाही तोंड उघडवलं नाही. मला दोघींचा राग येतो. मग जीव तुटतो, आणि राग कुठल्या कुठे जातो. तुला चवीनं कधीच शंका आली नाही का? आली असेल तर मला सांगू नकोस, मला ते सोसायचं नाही. दादाला हे सांगितलं, तर तो सांदवाडीत गेला आणि भर पावसात वेलांना पाणी घालत उभा राहिला.

आता हे पत्र का, ते लिहिते. बायाबाईंनी काल तुझ्या घरची आंबील डब्यात आणली, तुला न विचारता. त्यांच्यावर रागवू नकोस, मीच गळ घातली होती. मी वाटीत ओतून आईंना पाजली. पहिल्या घोटाला त्यांनी डोळे मिटले. वाटी संपली, तेव्हा डावा हात लांबवून त्यांनी रिकामा डबा ओढून घेतला, आणि मोठ्या कष्टानं म्हणाल्या, "तांब्या आला?" मी काय म्हणणार होते? मी हो म्हटलं. नीतूनं पाठवला म्हटलं. मग त्यांनी मला तांदळाचं पिंप उघडायला लावलं. परत आलेला तांब्या आई रिकामा पाठवत नाही, तांदूळ घालून लेकीला बोलावणं धाडते. डाव्या मुठीतले अर्धे तांदूळ खाली सांडले. मी मदत करायला गेले तर माझा हात झिडकारला. सोबतच्या डब्यात आहेत ते तेवढेच, त्यात माझा एक दाणा नाही. सकाळपासून त्या दाराकडे तोंड करून निजल्या आहेत. डॉक्टरांनी दादाला बाजूला घेऊन सांगितलं आहे, काय ते तू समज. तांब्या तू पाठवला नव्हतास, हे फक्त मला, दादाला आणि बायाबाईंना माहीत आहे, आणि आता तुला. लवकर ये असं कोणत्या तोंडानं लिहू? उशीर तर सगळ्यांनी मिळून केलाच आहे, नीतू. तरी ये.

वाट पाहणारी, तुझीच
रीता वहिनी