पायांच्या तपासणी कक्षाच्या दारावरील पाटी काढण्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
सार्वजनिक रुग्णालय.

विषय : मधुमेह पाय-तपासणी कक्षाबाहेरील ‘पादत्राणे येथे काढावीत’ ही पाटी हटविण्याबाबत.
संदर्भ : माझा मागील अर्ज. (उत्तर नाही.)

महोदय,

माझे पती निवृत्त बस कंडक्टर असून त्यांना बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. त्यांच्या तळपायांची संवेदना गेली आहे. आपल्याच कक्षातील डॉक्टरीणबाईंनी त्यांना मऊ तळाचे बूट दिले आणि घरातसुद्धा एक पाऊल अनवाणी टाकायचे नाही, अशी सक्त ताकीद दिली. आम्ही ती पाळली. रोज सकाळी मी आरसा धरून त्यांचे तळवे तपासत असे. ते चेष्टेने म्हणत, “उभ्या जन्मात माझ्या तोंडाकडे इतकं निरखून पाहिलं नाहीस.”

त्याच कक्षाच्या दारावर सदर पाटी आहे. तिच्या आज्ञेनुसार रुग्ण बूट काढून रांगेत उभे राहतात. रांग बाहेरच्या उतारावर असते, उतारावर लोखंडी पत्रा आहे आणि पत्र्यावर भर दुपारचे ऊन. सोबतच्या माणसांना चपला सांभाळत दूरच्या बाकावर बसवतात. गेल्या उन्हाळ्यात रांगेतले इतर लोक एकेक पाय उचलत होते. माझे पती मात्र शांत उभे होते. शिपाई बाकीच्यांना म्हणालासुद्धा, “या काकांकडे बघा, जरा शिका काहीतरी.” त्यांना चटका कळतच नव्हता, महोदय. फोड घरी आल्यावर मला दिसले. पुढे जखम चिघळली आणि उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

मी कक्षात विचारणा केली असता पाटी स्वच्छता विभागाची असल्याचे कळले. स्वच्छता विभागाच्या म्हणण्याप्रमाणे त्यांचा संबंध फक्त फरशीशी असून पायांचा विषय कक्षाचा आहे. फरशी खरोखर लख्ख असते, याबद्दल माझी तक्रार नाही.

आपण म्हणाल, बूट घालूनच आत या, कोण अडवतो? माझे पती अडवतात. मागच्या खेपेला त्यांनी पाटी वाचली, कुबडी भिंतीला टेकवली आणि उरलेल्या पायातला बूट काढायला वाकले. मी हात धरला, तेव्हा म्हणाले, “पस्तीस वर्षं लोकांना नियम सांगितले मी. आता माझ्यासाठी वेगळा नियम कसा?” त्या दिवशी मी त्यांना तपासणी न करताच घरी आणले. असे फार दिवस चालणार नाही. डाव्या टाचेला भेग पडली आहे, ती डॉक्टरांनी पाहायलाच हवी.

त्यांना मी ओळखते. पाटी आहे तोवर ते बूट काढणारच. एक पाय गेला तेव्हा मी रडून घेतले. दुसऱ्यासाठी माझ्यात बळ नाही.

तरी येत्या मंगळवारपूर्वी पाटी काढावी. ते शक्य नसल्यास आमचा नंबर होईपर्यंत तिच्यावर कापड टाकण्याची परवानगी द्यावी. कापड मी घरून आणीन.

आपली नम्र,
(सही)
चपला सांभाळत बाकावर बसणारी,
कंडक्टरची पत्नी

दिनांक : ३ मे

सोबत :
१) ‘अनवाणी चालू नये’ हे आपल्या रुग्णालयाचे छापील सूचनापत्र.
२) उजव्या पायाचा बूट, एक नग. तळ झिजलेला नाही. कुणाच्या तरी उपयोगी पडावा.