गट नंबर ११४ च्या बांधाविषयी खरे काय ते

मी, रायभान सखाराम गरुड, वय ६८, निवृत्त रेल्वे तिकीट कारकून, राहणार टाकळवाडी, पिंगळी स्टेशनाजवळ, जिल्हा परभणी, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे, डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. लाज शाबूत आहे की नाही, ते कलम ४ वाचून ठरवावे.

१. राहते घर आणि बँकेतली ठेव पत्नी भिवराबाई हिची. तिला पुण्याला चला म्हणून कोणी छळू नये.

२. गट नंबर ११४ मधील तीन एकर चिरंजीव हरिओम व कन्या राजेश्री यांना निम्मे निम्मे. राजेश्रीने हक्कसोड करून द्यावी असे जो भाऊबंद सुचवील, त्याला चहा न देता वाटेला लावावे.

३. पूर्णा रेल्वे संघाची माझी जर्सी कोणाला नको असल्यास तिचे पुसणे करावे. मी तिच्या लायकीचा राहिलेलो नाही.

४. शेजारचे शेत माझा मित्र चंद्रभान ढगे याचे. आम्ही दोघे रेल्वेत एकत्र नोकरीला होतो, एकाच संघात बास्केटबॉल खेळलो. गुडघे गेल्यावर हरिओमने आम्हाला मोबाईलवर एक खेळ लावून दिला. त्यात प्रत्येकाने अमेरिकेतल्या एका कॉलेजचा प्रशिक्षक व्हायचे आणि दर हंगामात बारावीची होतकरू पोरे आपल्याकडे ओढायची. पत्रे पाठवायची, भेटीला बोलवायचे, शिष्यवृत्ती द्यायची. पोरे खरी नसतात. प्रशिक्षक खरे असतात, म्हणून त्यांच्यात काही रीत असते, ती नियमांत कुठेच लिहिलेली नाही. एखाद्या पोरामागे कोणी पहिल्या दिवसापासून असेल, तर शेवटच्या दिवशी आडवे यायचे नाही. चढाओढ करायची तर सुरुवातीलाच, उघड. आणि चार दिवस येणार नाही असे सांगून गेलेल्या माणसाच्या पोराला हात लावायचा नाही.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या पत्नीच्या, बायनावहिनींच्या ऑपरेशनसाठी चंद्रभान नांदेडला गेला. जाताना फोन केला, "रायभान, चार दिस मोबाईल बघणं व्हणार न्हाई. त्या ओहायोच्या डॅरेलवर जरा ध्यान ठेव." मी ध्यान ठेवले. शेवटच्या दिवशी माझ्या वाट्याच्या सगळ्या भेटी त्या पावणेसात फुटी पोरावर लावल्या आणि त्याला माझ्या कॉलेजात आणले. अकरा हंगामांत मी एकही चषक जिंकला नव्हता, एवढेच कारण.

चंद्रभान परत आला. तेव्हापासून तो चहाला यायचा बंद झाला. गावाला वाटले, बांधावरून बिनसले. भागवतने त्याच्या हॉटेलात सर्वांदेखत विचारले, "काका, चंद्रभाननं बांध कोरला का वो?" या वयात मोबाईलमधल्या पोरावरून मैत्री तुटली, हे सांगायची मला लाज वाटली. मी बशीत चहा ओतत राहिलो. गावाने त्याचा अर्थ होय असा घेतला. ज्या चंद्रभानने तंटामुक्ती समितीत बसून वीस जणांचे बांधाचे तंटे मिटवले, त्याचेच नाव समितीतून निघाले. मी त्या सभेला हजर होतो आणि गप्प होतो. भागवतवर माझा राग होता, पण त्याने नुसते विचारले होते.

खरे असे की बांध एक बोटही हललेला नाही. माझ्या वारसांनी कधीही मोजणी मागू नये.

५. वरील कलम माझ्या पश्चात गावात वाचावे, असे मी आधी लिहिले होते. मसुदा भिवराबाईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "तुमी मेल्यावर खरं बोलणार व्हय? आन् तवर भावजींनी खाली मान घालून हिंडायचं?" पश्चात वाचण्याचे ते वाक्य मी खोडले आहे, खोडाखोडीवर माझी सही आहे.

कलम ४ मी आज सकाळी मारुतीच्या पारावर, समितीसमोर स्वतः वाचले. काही जण हसले, ते बरोबरच होते. चंद्रभान मागे उभा राहून शेवटपर्यंत ऐकत होता. साक्षीदाराची दुसरी जागा त्याच्यासाठी मोकळी सोडत आहे. सहीसोबत त्याने काही लिहिले, तर ते कोणी खोडू नये.

स्थळ: टाकळवाडी
दिनांक: १२ ऑक्टोबर २०२५

लिहून ठेवणार: रायभान सखाराम गरुड (सही)

साक्षीदार १: महारुद्र किशनराव जाधव, समिती अध्यक्ष (सही)

साक्षीदार २: चंद्रभान नामदेव ढगे (सही)
बांधाचं सोडलं. पोराचं अजून न्हाई.