दुसरी किल्ली

सोमवार, ३ ऑक्टोबर

शनिवारी न्हाणीघरात पडले. बाहेरून दार उघडायला कुणाकडे किल्ली नव्हती, म्हणून अग्निशमनवाले शिडी लावून खिडकीतून आत आले. सगळ्या गल्लीने पाहिलं. राग कुठे काढायचा? म्हणून ही वही.

मुलगी लुक्रेत्सिया फोनवर: "आई, रविवारपर्यंत दुसरी किल्ली कुणाकडे तरी ठेव. नाहीतर मी तुला माझ्याकडे तोरिनोला घेऊन जाणार."

कुणाकडे तरी! जन्मभर मुलांच्या निबंधातलं हे 'कुणीतरी' मी लाल शाईने खोडलं. नाव लिहा, म्हणायचे.

हे माझं फेरारा शहर मी सोडणार नाही.

मंगळवार

इमारतीतल्या प्रत्येकाची जादा किल्ली माझ्या स्वयंपाकघरात खिळ्यांवर टांगलेली आहे. माझी कुणाकडेच नाही. समोरच्या उबाल्दोला दिली, तर तो आत येऊन फ्रिज उघडेल. वरच्या झोराइदेबाई किल्ली पिठाच्या डब्यात विसरतील.

बुधवार

तामार शिकवणीला आली. जॉर्जियाची. झोराइदेबाईंना सांभाळते, त्यांच्याच स्वयंपाकघरात खाटेवर झोपते. इटालियनची परीक्षा तोंडावर आली आहे. आजचा धडा — क्वाल्कूनो म्हणजे कुणीतरी, नेस्सूनो म्हणजे कुणीही नाही. म्हटलं, वाक्यं कर.

"कुणीतरी जिन्यात कॉफी सांडली."

"कुणी?"

"उबाल्दोंनी. पण बाई, धडा कुणीतरीचा आहे ना?"

"पुढचा शब्द घे."

"बाई, तुमच्या घरी कुणीही येत नाही."

वाक्य बरोबर होतं. तसं सांगितलं. तिला मग आणखी बिस्किटं काढली नाहीत.

गुरुवार

लिहिण्यासारखं काही नाही.

शुक्रवार

लुक्रेत्सियाने तोरिनोची खोली रंगवायला घेतली. पिवळी. मला न विचारता.

किल्ली घेऊन उबाल्दोच्या दारापर्यंत गेले. आतून त्याचा आवाज — "पडल्या पडल्या बाईंनी त्या शिडीवाल्याला आधी बूट पुसायला लावले!"

लावले होते. परत फिरले.

शनिवार

तामारला तळमजल्यावर खोली मिळाली. दिवसा झोराइदेबाईंकडे, रात्री स्वतःच्या घरी. नवी किल्ली माझ्यापुढे धरून म्हणाली, "इटलीत पहिल्यांदाच माझं दार आहे, बाई. ही तुमच्या खिळ्यावर. सगळ्यांची असते ना?"

मी टांगली.

"आणि तुमची कुणाकडे?"

"नेस्सूनो."

ती हसली नाही. "परीक्षेत चालेल, बाई. घरात नाही चालणार."

रविवार, ९ ऑक्टोबर

लुक्रेत्सिया: "दिलीस का कुणाला तरी?" कुणाला तरी नाही, म्हटलं. रंग थांबव.

दिली — घराची दुसरी किल्ली, एक. कुलूप अडतं, दार जरा उचलून फिरवायची. बूट पुसूनच आत यायचं.
घेतली — तामारने.