भाकरीवरून झालेल्या मारामाऱ्या

माय, तुझ्या धाकट्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. तू असतीस तर बीपीच्या गोळ्या मधेच सोडल्या म्हणून आधी त्याच्या मुस्काटात दिली असतीस आणि मग पदर खोचून डॉक्टरला म्हणाली असतीस, माझी काढ. तू नाहीस, म्हणून मी म्हटलं. तो आसेगावहून इथे वाशीमला येतो, हातात जाड सुया टोचून घेऊन डायलिसिसच्या मशीनला लागतो, आणि सुटला की माझ्याकडे जेवून गावी परततो. नागपूरच्या डॉक्टरांनी माझं रक्त तपासलं, सगळं जुळलं. मग मला काट्यावर उभं केलं आणि मान हलवली. एवढ्या वजनावर किडनी काढणं तुमच्याच जिवावर येईल, आधी वजन उतरवा, मग या, असं म्हणाले. म्हणजे भावाचा जीव माझ्या पोटाच्या घेरात अडकला. एवढी लाज मला कधी वाटली नव्हती, आणि लाज वाटली की माझं डोकं फिरतं, तेवढं मात्र तुझ्यावरच गेलं आहे.

तुझं डोकं फिरलेलं मी पहिल्यांदा पाहिलं ते रोडग्यांच्या पंगतीत. मारोतीच्या देवळामागे गोवऱ्यांचा विस्तव पसरलेला, त्यात कणकेचे गोळे भाजून निघतायत, मोठ्या गंजात वांग्याची भाजी रटरटते आहे. तू दिवसभर कापसाची पऱ्हाटी उपटून आलेली, धाकटा तुझ्या कडेवर, मी तुझ्या मागे. आपण बसलो, माझ्या पानावर एक रोडगा पडला. मी तो फोडते आहे तोच वाढणारा परत आला, वाकला आणि माझ्या हातातला रोडगा त्याने काढून घेतला. "हे पोट्टी दुसऱ्यांदा बसून राह्यली. मजुराच्या पोट्ट्याइचं पोटच भरत नाई," असं तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. काहीजण हसले. तू धाकट्याला माझ्या मांडीत टाकलंस, उठलीस, त्याच्या हातातलं भाजी वाढायचं पितळी वगराळं हिसकलंस आणि त्याच्या तोंडावर मारलंस. एकदा नाही, तो खाली बसेपर्यंत. त्याचा सदरा लाल झाला, पुढचा दात तुटून माझ्या पानात पडला. चौघांनी तुझे केस धरून तुला मागे ओढलं तेव्हा तू एकाच्या दंडाला असा चावा घेतलास की त्याने बोंब मारली. आणि एवढं झाल्यावर तू तो रोडगा धुळीतून उचललास, लुगड्याला पुसलास, माझ्या हातात दिलास आणि म्हणालीस, "खाय."

मी खाल्ला. रडत रडत, पण खाल्ला. घरी जाताना वाटेत मी तुला म्हटलं, माय, मले भेव लागलं. तू थांबलीस आणि त्याच हाताने माझ्या कानशिलात अशी दिलीस की मी बांधावर पडले. "भेव लागलं असं म्हणाचं नाई. इतल्या लोकाइपुढं मी कायले उभी राह्यली मंग?" दुसऱ्या दिवशी त्या माणसाच्या भावांनी आपल्या दारावर दगड मारले, तेव्हा तू विळा घेऊन उंबऱ्यात बसून राहिलीस आणि एकही जण पुढे आला नाही. गावातलं काम बंद झालं. तू दुसऱ्या गावी कामाला जायला लागलीस, जाऊन-येऊन दोन तास पायी. पण त्यानंतर आपल्या पानावरचं कोणी उचललं नाही. मी भीती वाटते हे शब्द परत कधीच तोंडातून काढले नाहीत, आणि पानातली भाकरही कधी सोडली नाही. ताटात असेल तेवढी, भूक असो नसो.

आता ही भाकर मला सोडायला सांगत होते. डॉक्टर नव्हे, गल्लीतला एकजण, जो वजन उतरवायची पावडर विकतो. भाकर म्हणजे साखरच, भात म्हणजे साखर, बटाटा म्हणजे विष, असं तो रोज दारात उभा राहून सांगायचा. मी घाईत होते, मी ऐकलं. काकडी, उकडलेली अंडी आणि ती पावडर, बस. पहिल्या आठवड्यात वजन भराभर उतरलं आणि मी गल्लीभर सांगत फिरले. मग काटा जागचा हलेना. डोकं ठणकायचं, शिलाई मशीनवर बसले की धागा दिसायचा नाही. सुनेच्या कुकरची शिट्टी झाली तरी मला तिचा गळा धरावासा वाटायचा. एकदा नवऱ्याने नुसतं विचारलं, आज जेवलीस का, तर मी हातातली कैची भिरकावली. ती त्याच्या कानाजवळून गेली आणि चौकटीत रुतली. तिची खूण तिथे अजून आहे. त्याच दुपारी घर रिकामं झाल्यावर मी टोपल्यातल्या उरलेल्या सगळ्या भाकरी ठेच्याबरोबर उभ्याउभ्या खाल्ल्या, आणि मग स्वतःच्याच तोंडात मारून घेतलं.

धाकट्याचं डोकं फुटलं तो दिवस त्यानंतरचा. तो मशीनवरून आलेला, चेहरा राखेचा, सून त्याला वाढते आहे. त्याच्या ताटात ज्वारीची भाकर, वाफ निघणारी, माझ्यापुढे काकडी. त्याने चतकोर मोडला आणि माझ्यापुढे धरला. "घे वं ताई, एक घास. कायले जीव मारून राह्यली?" मी म्हटलं, हात मागे घे. तो हसला, हात पुढेच. मी त्याच्या ताटाला खालून असा फटका दिला की ताट उडालं आणि त्याची कड त्याच्या भुवईवर बसली. मशीनवर असताना रक्त पातळ करायचं औषध देतात, हे मला माहीत होतं, माय. रक्त थांबेना. डोळ्यात, दाढीत, शर्टावर. मी ब्लाऊजसाठी कापलेलं कुणाचं तरी कापड त्याच्या कपाळावर दाबून धरलं, सून रिक्षा आणायला पळाली, आणि हा माझ्या हाताखाली हसतो आहे. "मायनं भाकरीपायी दुसऱ्याचे दात पाडले. तू त घरातल्याच माणसाले मारून राह्यली." त्याला टाके पडले. दवाखान्यात मी भिंतीवर डोकं आपटलं तेव्हा नर्सने मला दटावलं की इथे एकच पेशंट पुरे.

पुढच्या वेळी नागपूरला गेलो तेव्हा तिथल्या आहाराच्या मॅडमपुढे मी भांडायच्याच तयारीने बसले. लहानखुरी बाई, माझ्या सुनेच्या वयाची. सगळं ऐकून घेतलं, पावडर बंद करायला सांगितली आणि विचारलं, भाकर केवढी? मी दोन्ही हातांनी दाखवली. ती हसली, मला राग आला. मी म्हटलं, भाकर सोडा म्हणणार असाल तर आत्ताच सांगा, माझ्या मायनं भाकरीपायी माणूस रक्तबंबाळ केला आहे. ती म्हणाली, सोडू नकाच. भाकरीने वजन वाढत नाही, लागते त्याहून जास्त खाल्ल्याने वाढतं, मग ते काहीही असो. एका जेवणाला एक भाकर, लहान आणि पातळ. अर्धं ताट भाजी, सोबत वरण, उसळ नाहीतर अंडं. भात हवा तर वाटीभर, आणि त्या जेवणाला भाकर नाही. बटाटा उकडून चालेल, पण तो भाकरीच्या जागी धरायचा, भाकरीसोबत नाही. चहातली साखर, बिस्किटं, टोस्ट, उपासाची साबुदाण्याची खिचडी आणि ठेच्यावरची तेलाची धार, भांडायचं तर यांच्याशी भांडा. भावाचं ताट मात्र वेगळं, त्याच्या पथ्याची नक्कल तुम्ही करू नका. मग तिने सहज विचारलं, तुमची आई किती भाकरी खायची? मी म्हटलं, तीन, कधी चार. आणि वजन?

मी करंगळी उभी धरली. तू तुराटीसारखी वाळकी होतीस. चार भाकरी खाऊन दोन तास चालायचीस, दिवसभर वाकायचीस, डोक्यावर भारे आणायचीस. मी तुझी भाकर तेवढी घेतली आणि दिवसभर खुर्चीत बसून दुसऱ्यांचे ब्लाऊज शिवले. त्या मॅडमपुढे मी हुंदके देऊन रडले. धाकटा माझ्या पाठीवर हात फिरवत त्यांना म्हणत होता, भेऊ नका मॅडम, ताई आता मारत नाई.

त्यानंतर वजन हळूहळू उतरलं, पण उतरलं. रोज पहाटे पुसद नाक्यापर्यंत चालते, सून पातळ भाकर थापते, तिच्या अंगावर ओरडणं बरंच कमी झालं आहे. मात्र एक गोष्ट मी कोणालाच सांगितलेली नाही. डॉक्टरांचा आकडा जवळ यायला लागला तसा माझा हात पुन्हा टोपल्याकडे जायला लागला. पोट भरलेलं असायचं. तरी मी दुसरी भाकर घ्यायचे, चहात चार बिस्किटं बुडवायचे, आणि दुसऱ्या दिवशी काटा वर गेला की आतून हायसं वाटायचं. आधी मला कळलंच नाही हायसं कशाचं. मग एकदा धाकटा ताटावर बसलेला होता, भुवईवरच्या टाक्यांची खूण ताणून हसत होता, आणि मला कळलं. भाकरीचा काही दोष नव्हता. काटा वर होता तोवर मला टेबलावर निजवून कोणी माझी कूस कापणार नव्हतं.

त्या दिवसापासून दुसरी भाकर घेतली नाही. आज काटा डॉक्टरांच्या आकड्यावर आला. नागपूरला फोन केला, पुढच्या सोमवारी दोघांनाही भरती करून घेणार. धाकटा ऐकून म्हणाला, "ताई, मनातून नसंन त नाई म्हण. मी रागवत नाई." मी त्याला शिवी घातली आणि बॅग भरायला लावली. मी जाणार, माय, त्यात काही बदल नाही. हे लिहून मी कुठे टाकणार, तुला तर अक्षरही येत नव्हतं, आणि घरात कोणाच्या हाती लागलं तर मला नागपूरला जाऊ देणार नाहीत. लिहिलं ते एवढ्यासाठीच की हे दुसऱ्या कोणाला म्हणता येत नाही, आणि तुला एकदाच म्हटलं होतं तेव्हा मी बांधावर पडले होते.

मले लय भेव लागून राह्यलं, माय. आता मार.