तोच डोळा

३ मार्च, सोमवार

पुन्हा लाल चौकट! छापायला टाकण्याआधी लॅबच्या साइटवर नमुना दिसतो, त्यात नातीचं कपाळच गायब. फोनचा फोटो आखूड, छापायचा कागद लांबट — कुणाचं तरी डोकं उडणारच. आता एकेक फोटो कागदाच्या मापाने स्वतः कापायचा.

बेडकी (नातच ती, बसल्या जागी उड्या मारते म्हणून) सोळा तारखेला वर्षाची होतेय. महिन्याला एक असे बारा फोटो हॉलच्या भिंतीवर लावायचे, ही कल्पना माझी. म्हणून काम माझ्याच गळ्यात. आमची ही म्हणाली, "एखाद्या स्टुडिओत देऊन टाका की!" का म्हणून? मोटर रिवाइंड करायला मला कुणी शिकवलं होतं? उघडली, जाळली, शिव्या खाल्ल्या, पुन्हा गुंडाळली. आज वर्कशॉप माझं आहे आणि नुसत्या आवाजावरून बेअरिंग कुठलं गेलंय ते सांगतो.

लेकीने आणि जावयाने फोटो मूळ साइजचे दिलेत. विहीणबाईंचे मात्र चॅटवरून आलेले — धुऊन आटलेल्या बनियनसारखे. मोठे छापले तर पोरगी आहे की उशी, कळायचं नाही. एक बरा होता तेवढा घेतला.

४ मार्च, मंगळवार

कापाकापी संपली. आता डोळे. फ्लॅशने सगळ्यांचे लाल झालेत, जावई तर थेट भूत. लेकीला फोनवर सांगितलं. म्हणाली, "बाबा, फ्लॅश नसतानाही तसेच दिसतात!"

एक बटण आहे. डोळ्यावर टिचकी मारली की लाल जाऊन काळं. झकास! बेडकीच्या उजव्या डोळ्याला चाललं, डाव्याला काही केल्या चालेना. तिथे लाल नाहीच. पांढरट चकाकी आहे, अंधारातल्या मांजरासारखी. सॉफ्टवेअर गांगरलं. मी थोडाच गांगरतो! ब्रशने काळा गोल, वर चमकीचा बारीक थेंब. जिथे जिथे पांढरं दिसलं तिथे रंगवून टाकलं. त्याच नावाने सेव्ह केलं, दोन-दोन प्रतींचा पसारा नको. ऑर्डर गेली. स्वतःवर खूश.

६ मार्च, गुरुवार

लॅबमधून एका बाईंचा फोन. "काका, डोळा हाताने रंगवलाय का? मोठ्या साइजमध्ये चिकटवल्यासारखा दिसेल. मूळ फोटो असतील तर ते पाठवा. रंगवलेल्या सगळ्यांत तोच डोळा आहे."

फोन ठेवला. बाकीचं सगळं विसरलो, 'तोच' तेवढा कानात राहिला.

पुन्हा फोटो काढून बसलो. कुठला कुणाच्या फोनचा, ते पाहिलं. लेकीचा, जावयाचा, विहीणबाईंचा. खोल्या वेगळ्या, दिवस वेगळे, दिवे वेगळे. डोळा तोच. कॅमेऱ्याची खोड असती तर कधी या डोळ्यात, कधी त्या डोळ्यात दिसली असती. एकच कॉइल पुन्हा पुन्हा जळते तेव्हा तारेला शिव्या देणारा गाढव. दोष आत असतो.

डोळ्यांच्या दवाखान्याच्या एका पानावर वाचलं — लहान मुलाच्या डोळ्यात फ्लॅशचा पांढरा उजेड सतत दिसत असेल तर ताबडतोब दाखवा. कधी मोतीबिंदू असतो. कधी गाठ. पुढे जे लिहिलंय ते इथे उतरवत नाही.

ऑर्डर थांबवली. जेवताना ही म्हणाली, "मीठ जास्त पडलंय, बोलत का नाही?" मला चवच लागली नव्हती.

७ मार्च, शुक्रवार

लेकीला फोन. सहज विचारल्यासारखं विचारलं, "बेडकीला डाव्या बाजूने खेळणं दिलं तर घेते का गं?"

तिने पंखा बंद केल्याचा खटका ऐकू आला.

"बाबा, वाढदिवस तोंडावर आलाय. कशाला खुसपटं काढता?"

मागून जावयाचा आवाज — "सासरेबुवांना म्हणावं, फोटो छापायचेत, एक्स-रे नाही!" तो हसला. ती हसली नाही. ते मला नीट ऐकू आलं.

पांढऱ्या डोळ्याचं सांगितलं. तर म्हणे, "मला कधी दिसलं नाही. दाखवा!" काय दाखवू? मूळ फोटो तिने फोन भरला म्हणून उडवलेत, जावयानेही. "तुमच्याकडे दिलेत ना," म्हणाली. दिले होते! दाखवण्यासारखं जे होतं त्याच्यावर मीच काळा रंग फासून बसलोय. अतिशहाणा!

८ मार्च, शनिवार

सकाळी सुचलं — विहीणबाई! बाईंनी आयुष्यात काही डिलीट केलेलं नाही. तीन वर्षांपूर्वीच्या शुभ सकाळसुद्धा जपून आहेत. लेक-जावयाने त्यांना पाठवलेला प्रत्येक फोटो असणार.

"सगळेच्या सगळे हवेत? व्याही, भिंत भाड्याने घेतलीत की काय?"

"हो, शेजारच्याची," म्हटलं. खरं सांगायचा धीर झाला नाही.

आले. आटलेले, धुरकट. पण ठिपका आहे. सहाव्या महिन्यात नखाच्या कोरीएवढा, एका कडेला. आठव्यात जास्त. अकराव्यात बाहुली भरून. वाढतोय.

महिन्याच्या क्रमाने एका पट्टीत लावले आणि लेकीला पाठवले. खाली काहीही लिहिलं नाही. तिने पाहिले.

९ मार्च, रविवार

उत्तर नाही. हिला सगळं सांगितलं. ती देवासमोर नाही, फोनसमोर बसली आहे.

१० मार्च, सोमवार

वर्कशॉप उघडतोय तोच लेक दारात. कडेवर बेडकी. एका मोटरची चाचणी चालली होती, कान फाटेल असा आवाज. बंद करायला लावली.

"बाबा, मी तिचा डावा डोळा हाताने झाकला. खेळत राहिली. मग उजवा झाकला —" तिने बेडकीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "माझा हात ओरबाडला हो तिने. रडली, हात ढकलला."

"कधी झाकलास?"

"शुक्रवारी. तुमचा फोन ठेवला आणि लगेच."

शुक्रवारपासून एकटी उराशी धरून बसली होती! ओरडावंसं वाटलं. ओरडलो नाही. नात घेतली. तिने माझ्या खिशातला टेस्टर पळवला.

जावई बाहेर गाडीत, चाक घट्ट धरून. रात्रभर पट्टीच पाहत बसला होता म्हणे. डोळ्यांच्या हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी आधी पट्टी पाहिली, मग थेंब घालून डोळा. "गाठ आहे. उद्या भूल देऊन दोन्ही डोळे आतून पाहू. वाढदिवस पुढे ढकला." एवढंच.

परत येताना जावई म्हणाला, "बाबा, ते एक्स-रेचं मी —"

मला 'बाबा' म्हणाला. आजवर अहो-जाहोवर भागवत होता.

"समोर बघ," म्हटलं. "सिग्नल लाल आहे."

११ मार्च, मंगळवार

आत नेली. लेकीच्या हातात तिचे मोजे राहिलेत.

मध्येच डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. लेक-जावयाला बाजूला घेऊन हळू बोलल्या, सही घेतली, आत गेल्या. मी लांब होतो. एकच शब्द ऐकू आला — "दुसऱ्यातही."

आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, कान नसते तर बरं झालं असतं.

१२ मार्च, बुधवार

डावा काढावा लागणार. जीव वाचेल. आणि उजव्यातही गाठीचा ठिपका होता — मोहरीहून बारीक, कुठल्या फोटोत दिसायला अजून कितीतरी महिने लागले असते. कालच भूल उतरायच्या आत लेझरने जाळला. "वरचेवर तपासावं लागेल, पण या डोळ्याने ती वाचेल, लिहील, सगळं बघेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "डाव्यासाठी आणलीत म्हणून उजवा सापडला."

जाता जाता डाव्याने भावाची चहाडी केली. शहाण्या!